उडत्या चादरीच्या कारखान्यात बोट गेलं तर भरपाई कोण देणार?

चादरीतले_पाय (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. आमच्या गल्लीतली पोरं एकांकिका बसवायलेत आणि लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. थोडक्यात स्टोरी सांगतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या मागं एक बंद पडलेलं शेड आहे, तिथं रात्री एक वेताळ उडत्या चादरींचा कारखाना चालवतो. कामगार सगळे भुतं, एक मुंजा, दोन हडळी वगैरे. जिवंत माणूस एकच, रघ्या, वय 35, पगार महिना 18 हजार. मागावरचा धोटा (आडवा धागा इकडून तिकडं नेणारं लाकूड) मंतरलेला आहे. एके रात्री रघ्या त्याला शिवी हासडतो आणि धोटा रागानं त्याची तर्जनी मुळापासून तोडतो. वेताळ म्हणतो हा अपघात नाही, धोट्यानं मुद्दाम केलंय, माझा काय संबंध. तिथून पुढं कोर्टाचा सीन.

आता प्रश्न. खऱ्या कायद्यानं बघितलं तर रघ्याला काही मिळेल का? मला नुसती गंमत नको, वकिली मुद्दे खरे पाहिजेत. प्रेक्षकांत निम्मे तरी मागावर काम केलेले असतात, चुकीचं लिहिलं तर इंटरव्हलमध्येच धरतील.

बाळीवेस_बंड्या
सोलापुरात शिवी दिली म्हणून बोट जाणार असेल तर आख्ख्या गावात बोटवाला माणूस सापडणार नाही बे

कडकभाकरी
एकांकिकेला इंटरव्हल असतो का ओ?

चादरीतले_पाय
आमच्या असतो. साऊंडवाल्याला चहा लागतो.

अर्धा_वकील
प्रश्न मस्त आहे. आधी साल सांगा, कारण 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि 1923 चा भरपाई कायदा तिच्यात गेला. ढाचा बराचसा तोच आहे पण आकडे-कलमं सांगायची तर मी जुन्या कायद्यावर सांगीन, हात बसलाय.

चादरीतले_पाय
मग जानेवारी 2025 धरा. गड्ड्याची जत्रा चालू आहे, लांबून पाळण्याचा आवाज यायलाय, असं स्टेजवर दाखवता पण येईल.

अर्धा_वकील
झकास. मग 1923 चा कायदा, जो 1 जुलै 1924 ला लागू झाला आणि 2010 पासून ज्याच्या नावात 'कामगार' जाऊन 'कर्मचारी' आलं. त्याचं कलम 3 म्हणजे सगळा खेळ. नोकरीतून उद्भवलेला आणि नोकरी चालू असताना झालेला अपघात, त्यात शरीराला इजा, की मालक जबाबदार. मालकाची चूक होती का, निष्काळजीपणा होता का हे सिद्ध करायची गरजच नाही. लोकांना हेच माहीत नसतं.

आता वेताळाचा मुद्दा, की धोट्यानं मुद्दाम केलं. 'अपघात' हे जखमी माणसाच्या बाजूनं बघायचं असतं. करणाऱ्यानं ठरवून केलं असलं तरी ज्याला लागलं त्याच्या दृष्टीनं ते अनपेक्षितच ना. 2000 साली सुप्रीम कोर्टात रिटा देवी म्हणून केस झाली, रिक्षा चोरण्यासाठी ड्रायव्हरचा खून केला होता, तरी कोर्टानं त्याला अपघाती मृत्यू मानलं. ती केस मोटार वाहन कायद्यातली, पण तिथं आधार घेतला तो याच भरपाई कायद्यातल्या विचाराचा. तेव्हा धोटा चावला काय आणि सटकला काय, रघ्याच्या बाजूनं अपघातच.

बाळीवेस_बंड्या
धोट्यावर 302 लावा

पुणेकर_झालोय_आता
302 गेलं, आता न्याय संहिता आहे. आणि बोट गेलंय, खून नाही झाला.

बाळीवेस_बंड्या
पुण्याला गेला की माणूस असाच होतो 🙏

कडकभाकरी
रक्कम किती बसते ते सांगा ना वकीलसाहेब, नाटकात आकडा आला की लोक कान टवकारतात

अर्धा_वकील
घ्या. पगार 18 हजार असला तरी हिशोबाला 15 हजारच धरायचे, 3 जानेवारी 2020 पासून ती मर्यादा आहे. कायम संपूर्ण अपंगत्व असेल तर पगाराच्या 60 टक्के गुणिले वयाचा गुणक. 35 वर्षाला गुणक 197.06. म्हणजे 9,000 गुणिले 197.06, झाले 17,73,540. आता पहिल्या परिशिष्टात तर्जनी पूर्ण गेली तर 14 टक्के. म्हणून रघ्याचे साधारण 2,48,296 रुपये. नुसतं वरचं एक पेर गेलं असतं तर 9 टक्के, आणि हाड न जाता शेंडा उडाला तर 5. अंगठा असता तर 30. दवाखान्याचा खरा खर्च वेगळा.

तेव्हा लेखकमहाशय, धोट्यानं किती चावायचं ते नीट ठरवा.

निवृत्त_जॉबर
हे टक्के कागदावर बरे दिसतात. मी 31 वर्षं जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम होतो. विणकराचं उजव्या हाताचं तर्जनीचं बोट गेलं की तुटलेल्या धाग्याला गाठ मारता येत नाही नीट. गाठ मारायला दोन सेकंद लागायची तिथं दहा लागतात आणि पगार नगावर. 14 टक्के म्हणे.

अर्धा_वकील
काका तुमचा मुद्दा कोर्टानं पण मानलाय, थोड्या वेगळ्या केसमध्ये. प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाटा, 1976 च्या रिपोर्टात आहे. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. परिशिष्टाप्रमाणं टक्के कमी बसत होते. पण एका हातानं सुतारकाम होतं का? नाही. म्हणून 100 टक्के धरले. त्याच निकालात हेही आहे की भरपाईची देणी अपघाताच्या दिवसापासून सुरू होते, कोर्टानं हिशोब केला त्या दिवसापासून नाही. महिन्याच्या आत दिली नाही तर 12 टक्के व्याज, वर कारण नसताना टाळलं तर 50 टक्क्यांपर्यंत दंड.

म्हणजे रघ्याचा वकील हुशार असेल तर जॉबरकाकांना साक्षीला बोलवेल.

निवृत्त_जॉबर
बोलवा. भुतांच्या शेडात पण येतो, रात्रपाळीची सवय आहे.

मग्गम
आमची आज्जी मागाला मग्गमच म्हणायची शेवटपर्यंत. घरात तेलुगू, बाहेर मराठी, मागाशी बोलताना दोन्ही. तिचं म्हणणं होतं की मागाला शिवी दिली की धागा तुटतो. तेव्हा धागाकर्ते, तुमची आयडिया आमच्या साखरपेठेतून चोरलेली आहे, भरपाई द्या 😄

कडकभाकरी
एक शंका. ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा असेल तर?

अर्धा_वकील
अरे हो, बरं काढलंत. दहा किंवा जास्त माणसं असलेला कारखाना आणि पगार 21 हजारांपर्यंत, तर ईएसआय लागतं, आणि ते लागलं की 1923 च्या कायद्याखाली मागता येत नाही. दोन्हीकडून घ्यायचं नाही. ईएसआयमध्ये एकरकमी नाही, तात्पुरतं अपंगत्व असेल तोवर पगाराच्या 90 टक्के दरानं मिळतं, कायमचं असेल तर त्या प्रमाणात जन्मभर. मग प्रश्न असा की वेताळाच्या शेडात दहा जण आहेत का?

चादरीतले_पाय
रघ्या आणि नऊ भुतं. बरोब्बर दहा 😳 मी मोजून नव्हते लिहिले!

पुणेकर_झालोय_आता
भूत ही कायद्याने व्यक्ती नाही. विषय संपला.

मग्गम
विषय कसा संपला, मुंजा रोज धोट्यातल्या धाग्याच्या कांड्या भरतो की. काम घेताना व्यक्ती आणि मोजताना नाही?

बाळीवेस_बंड्या
हे खरं तर सगळ्याच कारखान्यांत असतंय, काम करताना पंधरा आणि हजेरीबुकात नऊ

अर्धा_वकील
बंड्या तू चुकून शहाणं बोललास.

पण भुतांचं कायदेशीर उत्तर वेगळ्या वाटेनं निघतं. वेताळ त्यांना पगार काय देतो?

चादरीतले_पाय
मुंजाला दहीभात. हडळींना अमावस्येला नारळ. रोख काही नाही.

अर्धा_वकील
मग सुटलं. ईएसआय कायद्यात वेतन म्हणजे रोख मोबदला. दहीभाताला वेतन म्हणता येणार नाही, म्हणून वेतनावर ठेवलेला माणूस एकटा रघ्या. दहा भरत नाहीत. रघ्या 1923 च्या कायद्यात. तिथं दहाची अट नाही, कारखान्याचं काम चालतं आणि एकच कामगार आहे तरी चालतंय.

आणि गंमत बघा, 1923 च्या कायद्यात वेतनात पैशात मोजता येईल अशी सवलत पण धरतात. म्हणजे मुंजाचं बोट गेलं असतं तर दहीभाताची किंमत काढून हिशोब करता आला असता.

कडकभाकरी
रोजचा दहीभात 60 रुपये धरला तर महिन्याला 1800. गुणक किती?

अर्धा_वकील
मुंजाचं वय आठ. तक्ता सुरूच 16 वर्षापासून होतो, 228.54. त्याच्या खालचे सगळे त्यातच. पण एक अडचण आहे, चौदाच्या आतल्याला कामावर ठेवणं हाच मुळात गुन्हा. वेताळ आत जाईल.

पुणेकर_झालोय_आता
मुंजा दीडशे वर्षांपूर्वी मेला असेल तर वय 158 धरायला हवे. 65 च्या वर सगळ्यांना 99.37.

मग्गम
हे वाचून मला वाटलं ह्या माणसाला पण कुणीतरी दहीभात द्या

बाळीवेस_बंड्या
😂😂 पुण्यात मिळत नसणार, मिळाला तर दुपारी एक ते चार बंद

निवृत्त_जॉबर
विषय भरकटला. शिवीचं काय झालं? वेताळाच्या वकिलानं तो मुद्दा काढलाच पाहिजे.

अर्धा_वकील
काढणारच काका. मालकाला सुटायला तीन वाटा असतात. कामगार दारू किंवा नशेत होता आणि त्यामुळंच लागलं. किंवा सुरक्षेसाठी स्पष्ट दिलेला हुकूम, नियम त्यानं जाणूनबुजून मोडला. किंवा सुरक्षेचं साधन आहे हे माहीत असून ते मुद्दाम काढलं. मृत्यू झाला किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं तर ह्या तिन्ही वाटा बंद. पण बोटाच्या केसला उघड्या. म्हणून वेताळ म्हणेल, भिंतीवर पाटी होती, 'धोट्यास अपशब्द बोलू नयेत'.

धागाकर्ते, पाटी कुठल्या भाषेत होती?

चादरीतले_पाय
अं... पैशाची? भुतांची भाषा पैशाची असते असं म्हणतात ना.

अर्धा_वकील
मग मेला वेताळ. रघ्याला वाचता न येणाऱ्या भाषेत लिहिलेला नियम त्याला 'स्पष्ट' दिला असं कोण म्हणेल.

बाळीवेस_बंड्या
आमच्या कारखान्यात पाट्या इंग्लिशमध्ये होत्या. वेताळ बरा, निदान भुतांना तरी कळत होतं

कडकभाकरी
दुसरा सीन सुचवू का. रघ्या पाळी संपवून उडत्या चादरीवरून घरी निघतो आणि सिद्धेश्वर तळ्यात पडतो. हे धरतात का कामावरचं?

अर्धा_वकील
ह्यावर लई वर्षं भांडणं झालीत. ईएसआयमध्ये 1996 ला कोर्टानं एका सायकलवाल्याला नाही म्हटलं, कारखान्यापासून किलोमीटरभरावर लॉरीनं उडवलं होतं त्याला. मग 2010 ला ईएसआय कायद्यातच बदल करून येण्याजाण्यातला अपघात घेतला, कामाशी संबंध दाखवता आला तर. 1923 च्या कायद्यात मात्र तसं लिहिलेलं नव्हतं. आणि ते पुढं नेलं आपल्या शेजारच्या केसनं. साखर कारखान्याचा रात्रीचा वॉचमन, पहाटे 3 ची ड्युटी, धाराशिवकडचा, तेव्हाचं उस्मानाबाद. मोटारसायकलवर निघाला आणि कारखाना पाचेक किलोमीटर राहिला असताना अपघातात गेला. एप्रिल 2003. सुप्रीम कोर्टानं त्याच्या घरच्यांच्या बाजूनं निकाल दिला जुलै 2025 मध्ये.

मग्गम
बावीस वर्षं.

कडकभाकरी
म्हणजे चादरीवरून पडला तरी चालतंय, फक्त निकाल लागेपर्यंत रघ्या स्वतःच मुंजाच्या शेजारी बसलेला असेल

कांडी
मी इथं फक्त वाचते, लिहीत नाही सहसा. पण हे लिहावंसं वाटलं.

माझे वडील टॉवेलच्या मागावर होते. 1998 ला धोटा उडून डोळ्याला लागला. तुम्ही धोटा मंतरलेला म्हणता, पण ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते, लांबट लाकूड असतं, दोन्ही टोकांना लोखंडी टोपी, माग चालू असताना तो इकडून तिकडं जाताना डोळ्याला दिसत पण नाही, नुसता आवाज. तो बाहेर उडू नये म्हणून पुढं एक गार्ड असतं. वडिलांच्या मागाचं काढून ठेवलेलं होतं. त्यांनी नाही काढलं. गार्ड असलं की तुटलेला धागा धरायला हात घालायला वेळ जातो आणि माल कमी निघतो म्हणून मालकानं आख्ख्या रांगेचीच काढायला लावली होती.

मालक वाईट वागला नाही तेव्हा, हे पण सांगते. रिक्षात घालून नेलं, ऑपरेशनचं बिल भरलं, घरी येऊन आईला दहा हजार दिले आणि एका कागदावर सही घेतली. आईला वाटलं पैसे मिळाल्याची पावती. त्यावर काय लिहिलं होतं ते आम्हाला अजून माहीत नाही. तीन महिन्यांनी वडील परत गेले तर मागावर दुसरा होता, त्यांना कांड्या पोचवायचं काम दिलं, पगार निम्मा. उचल होती ती मात्र पूर्ण कापली.

तो धोटा वडिलांनी घरी आणला होता. का आणला विचारलं नाही कुणी. खंडेनवमीला आई घरातल्या सगळ्या हत्याराला हळदकुंकू लावायची, विळीला, कात्रीला, शिलाई मशीनला. त्या धोट्याला नाही लावायची. पण टाकून पण दिला नाही. अजून आहे फडताळात.

निवृत्त_जॉबर
ताई, गार्ड काढायचा हुकूम आमच्या हातून पण झालाय. मालक जॉबरला सांगायचा, जॉबर फिटरला. आणखी काय लिहू.

अर्धा_वकील
कांडीताई, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. थोडं सांगतो, जुन्याच कायद्यावर, कारण हे ज्यांच्या घरी आत्ता घडतंय त्यांना उपयोगी पडेल. गार्ड कामगारानं स्वतः काढलं तरच मालकाला तो बचाव मिळतो. मालकानं काढायला लावलं असेल तर नाही. आणि हक्क सोडल्याची सही घेतली तरी कलम 17 खाली ती बाद. रकमेवर तडजोड झाली तर ती भरपाई आयुक्तांकडं नोंदवावी लागते, घरी येऊन परस्पर मिटवून चालत नाही. अर्जाला मुदत अपघातापासून दोन वर्षं, उशिराचं कारण योग्य वाटलं तर नंतरही घेतात. एक डोळाच गेला आणि दुसरा चांगला असेल तर परिशिष्टात 40 टक्के आहेत. तेव्हाचा पगार सांगितलात तर त्या वेळच्या दरानं किती बसले असते ते काढून देतो.

कांडी
नको. हिशोब नका काढू. वडील आहेत अजून, मी वाचून दाखवते त्यांना इथलं सगळं.

मग्गम
🙏

बाळीवेस_बंड्या
ताई सॉरी, मी वर उगाच दात काढत होतो

कांडी
नाही ओ, तुमचं हजेरीबुकाचं वाचून ते हसले खूप. म्हणाले त्यांचं नाव पण नव्हतं.

पुणेकर_झालोय_आता
नाव हजेरीपत्रकात नसले तरी दावा बुडत नाही. सोबतच्या कामगाराची साक्ष, उचलीची वही, मालकाने भरलेले दवाखान्याचे बिल, हे सगळे पुरावे चालतात. माझे वडीलही सोलापूरच्या गिरणीतलेच, म्हणून माहीत आहे. भुतांबद्दल जे बोललो ते मागे घेतो.

बाळीवेस_बंड्या
आला गावावर 😄

चादरीतले_पाय
मंडळी, काल रात्री पोरांना हा धागा वाचून दाखवला. तालीम झालीच नाही, सगळे आपापल्या घरचं सांगत बसले. दोघांच्या घरात असाच प्रकार निघाला आणि आम्ही चार वर्षं एकत्र नाटक करतोय.

तर कोर्टाचा सीन बदललाय. कांडीताई, तुमची परवानगी असेल तरच. रघ्याचा वकील धोट्यालाच साक्षीला बोलावतो. वेताळ विचारतो, तूच तोडलंस ना बोट? धोटा म्हणतो, मी तर रोजच उडतोय मालक, माझं कामच ते. माझ्यापुढं एक लोखंडी दांडी होती, ती कुठाय? मग मुंजा शेडच्या कोपऱ्यातून गंजलेली गार्डं एकेक करून आणून कोर्टापुढं टाकत राहतो, रांगेतल्या सगळ्या मागांची.

अर्धा_वकील
मुंजाची साक्ष चालेल. प्रश्न समजून धड उत्तर देता आलं की आठ वर्षांचं पोर साक्षीदार होऊ शकतं.

निवृत्त_जॉबर
गार्ड खरी पाहिजेत तर माझ्याकडं दोन आहेत. थर्माकोलची करू नका, पडल्यावर आवाज आला पाहिजे.

कांडी
वडिलांना विचारलं. म्हणाले वापरा. धोटा पण न्या म्हणाले, पण नाटक झाल्यावर परत आणून द्या.

कडकभाकरी
आणि वेताळाचं काम कोण करतंय?

चादरीतले_पाय
अजून कुणी तयार नाही. बंड्या, मोकळा आहेस का?

बाळीवेस_बंड्या
रोख देणार का दहीभात, ते आधी सांग